चुकीच्या जीपपुढची प्रार्थना

अक्का, पूजाचे डोळे पांढरे झाले होते, दातखीळ बसली होती, अंग लाकडासारखं ताठलं होतं, आणि तू बाहेर दवाखान्याच्या फाटकात चुकीच्या जीपपुढं गुडघे टेकून बसली होतीस.

मी आत होते. व्हरांड्याच्या पार टोकाला, संडासाच्या भिंतीला लागून तो बाक होता. माझी नात त्या बाकावरून खाली घसरली, दिवस भरलेलं पोट घेऊन फरशीवर पडली आणि हातपाय झाडायला लागली. कोणीतरी ओरडलं, "चप्पल हुंगवा, चप्पल!" मी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. काही फरक पडला नाही. मग दुसऱ्या पायातली लावली. हे आठवून तू पुढं कितीदा हसलीस. "दुसरीत काय येगळं औषध व्हतं गं?" म्हणायचीस. हस. पण तू तरी बाहेर काय करत होतीस?

तुझा आवाज आतपर्यंत येत होता. "हे सोर्गीय बापा! ह्या डागदरसायबाला जेवाया जाऊ देऊ नगंस! त्येच्या गाडीची चाकं हितंच रवून ठेव!"

डॉक्टर जेवायला निघालेत, असं सिस्टरनं सांगितल्याबरोबर तू पळालीस. फाटकात पांढरी जीप, शेजारी बॅग घेतलेला माणूस, आणि दोन बाप्ये त्याला "डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब" करतायत. तू दुसरं काही बघितलं नाहीस. पदर डोक्यावर घेतलास, जीपच्या नाकासमोर मुरमात बसलीस आणि डोळे मिटून सुरू केलंस.

आता तुझ्या प्रार्थनेविषयी सांगितलं पाहिजे. तुझ्या चर्चच्या मंडळीतली माणसं हे वाचतील, त्यांना सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांना ठाऊक नाही. तू माझी थोरली जाऊ. आपले नवरे सख्खे भाऊ. थोरला मिशनच्या बोर्डिंगात शिकला, त्यानं बाप्तिस्मा घेतला. धाकट्यानं घरातली लक्ष्मीआई सांभाळली. मातंग वस्तीत दोन घरं, मधली भिंत सामाईक. तुझ्या बाजूला क्रूस, माझ्या बाजूला आईचा देव्हारा, आणि तुझा आवाज दोन्ही बाजूंना.

तुमच्यात दुसऱ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची रीत आहे. ज्याच्यासाठी करायची त्याचं नाव घ्यायचं, त्याची अडचण देवाला सांगायची. आणि कोणी प्रार्थनेत असलं की आमेन होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. चांगली रीत आहे. पण तुझ्या हातात ती म्हणजे वेताची छडी. "प्रभू, तुझी दासी सुमन हिच्या जिभेला लगाम घाल," असं तू भर उपासनेत म्हणायचीस, आणि सुमन डोळे मिटून पुढच्याच चटईवर बसलेली असायची. ती काय करणार? पाळकसाहेबांनासुद्धा सोडलं नाहीस. "त्येंला थोडक्यात बोलायची किरपा दे, बापा, पोरं भुकेजल्यात." आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून माझ्या नावानं: "प्रभू, माझ्या धाकट्या जावंला कोंबड्या डालून ठिवायची बुद्धी दे. माझी मेथी ऱ्हायली न्हाई."

मी इकडून ओरडायचे, "देवाला कशाला मधी घालती? मला सांग की!"

"प्रार्थनंत बोलू नाई!" तू म्हणायचीस, आणि परत पहिल्यापासून सुरू करायचीस.

तर जीपपुढं तू बसलीस. घोडेगावच्या बाजाराचा दिवस होता. रस्त्यानं शेळ्यांचे, म्हशींचे टेम्पो चालले होते, ते थांबले. माणसं खाली उतरली. म्हातारी हात जोडून देवाचं नाव घेतेय म्हटल्यावर त्यांनीही टोप्या काढल्या, हात जोडले. कोणत्या देवाचं, काय, कोणी विचारलं नाही. जीपवाला माणूसही हात जोडून उभा राहिला. आमेनची वाट बघत होता बिचारा. आणि तू आमेनच्या जवळ यायचीस आणि परत वळायचीस, "आनि आनखी एक, बापा..."

शेवटी तो हळूच म्हणाला, "मावशी, मी डॉक्टर आहे, पण जनावरांचा. मी इथं बीपीची गोळी न्यायला आलो होतो."

आपल्याला घेऊन आलेला रिक्षावाला सांगत होता की तू डोळे उघडले नाहीस. दमसुद्धा घेतला नाहीस. "बापा, ह्या जनावरांच्या डागदरालाबी तूच धाडलंस! आता ह्येला आत धाड. त्या मान्सांच्या डागदराला म्हनावं, म्हस असती तर मी कवाच हात घातला असता."

तो आत गेला. पुढं तू मंडळीत ही गोष्ट सांगायचीस तेव्हा तो देवदूत झालेला असायचा, आणि त्याचे कपडे पांढरेशुभ्र. मी मागं बसून सांगायचे, खाकी पँट होती आणि तिला शेण लागलं होतं. तू म्हणायचीस, "देवदूत गोठ्यात जात न्हाई का? येशू कुटं जलमला?" मग मी उठून चहा ठेवायला जायचे.

आम्ही त्या बाकावर कशा आलो तेही सांगते, नाहीतर लोक म्हणतील डॉक्टर वाईट होता. डॉक्टर वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळपासून डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पाय सुजून भोपळ्यासारखे. आपण तिला रिक्षात घालून नेलं. टेबलावरच्या मोठ्या सिस्टरनं विचारलं, "गाव कोणतं?" सांगितलं. "गावातल्या का वस्तीवरच्या?" तेही सांगितलं. मग तिनं पेन व्हरांड्याच्या टोकाकडं केलं. आपल्या मागून एका बागायतदाराची सून आली. चांगली चालत आली, हातात मोबाईल. तिला आत खाटेवर घेतलं, दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं.

तू विचारलंस, "आमच्या पोरीचं कवा बगनार?"

"पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. बसा."

"बसलोय की. पर ह्या बाकावर आमचीच मान्सं का वो बसत्यात?"

"बाक सगळ्यांसाठी आहे, आजी."

"मंग त्या बाईला धाडा की हितं. आमी सरकून घेतो."

सिस्टरनं वही पुढं ओढली. दंडाला पट्टा बांधायचा तर अंगाला हात लावावा लागतो. पूजाच्या अंगाला कोणी हात लावला तो तिला झटका आल्यावर. जनावरांच्या डॉक्टरनं त्याला ताटावरून उठवून आणलं, तेव्हा डॉक्टरच्या बोटांना वरणभात होता. त्यानं पहिल्यांदा एवढंच विचारलं, "हिचं बीपी कोणी बघितलं?" सगळ्यांनी सिस्टरकडं बघितलं. मग मात्र त्यानं आरडाओरडा केला, इंजेक्शन दिलं, माझ्या हातातली चप्पल काढून लांब फेकली, आणि पोरीला अॅम्ब्युलन्समध्ये घालून स्वतः शेजारी बसला. हात तसाच. ते वरण नगरपर्यंत वाळत गेलं.

अॅम्ब्युलन्समध्ये आपण दोघी. तू एका बाजूनं येशूला, मी दुसऱ्या बाजूनं लक्ष्मीआईला. मी हिरव्या लुगड्याचा नवस बोलले.

तू म्हणालीस, "लुगडं कशाला बोलती? आधीच मी मागितलंय."

"तू मागितलं म्हून मी मागू नगं का? नात माझी हाय."

"वाचली तर नाव कुनाचं?"

"अर्धं तुझ्या येशूचं, अर्धं माझ्या आईचं."

"देवाचं अर्धं न्हाई व्हत, गं."

डॉक्टर पूजाची नाडी धरून बसला होता. तो म्हणाला, "आणि माझं काहीच नाही का, आजी?" मग म्हणाला, "आता दोघीही गप्प बसा." तेवढ्यात संगमनेरहून पूजाच्या सासूचा फोन. तिला काही माहीत नव्हतं. "काय झालं, मुलगा का मुलगी?" मी म्हणाले, "आदी मानूस ऱ्हातंय का ते बगतोय. मुलगा-मुलगी मंग बगू." ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

ते अर्ध्या-अर्ध्याचं भांडण आपलं मिटलंच नाही. मरायच्या आदल्या दिवशीही तू भिंतीवरून म्हणालीस, "ते लुगडं उगाच नेसवलंस." मी म्हणाले, "तुझ्या बापाचं काय गेलं?" तू वर बोट केलंस आणि म्हणालीस, "त्येलाच इचार." हे आपलं शेवटचं बोलणं. लोकांची शेवटची बोलणी चांगली असतात म्हणे. आपलं हे असं.

पूजाचं ते झाल्यावर तुझ्या अंगात आलं. तुमच्यात अंगात येत नाही, मला माहीत आहे, पण दुसरा शब्द मला येत नाही. महिला मंडळाच्या सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्यास आणि म्हणालीस, गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी आपण जायचं आणि त्या बाकावर बसायचं. दुसरं काही करायचं नाही. बाक आपण भरून टाकला की आपल्या पोरींना तिथं बसवणार कसं? मी म्हणाले, मी तुमच्यातली नाही. तू म्हणालीस, "बाकाला काय कळतंय?"

मग आपण बसायला लागलो. शेंगा सोलायच्या, गाणी म्हणायची. तुमची गाणी मला येत नव्हती, मी टाळ वाजवायचे. सिस्टर यायची, "आजी, तुम्हाला काय होतंय?" तू म्हणायचीस, "बीपी." शेवटी तिनं वैतागून सगळ्यांचं बीपी तपासलं. तर निम्म्या जणींना खरंच निघालं. सुमनचं तर इतकं की तिला तिथल्या तिथं आडवं केलं. तू लगेच हात जोडून म्हणालीस, "प्रभू, तिच्या जिभंसाठी मागितलं व्हतं, तू रगताकडं बगितलंस, तुझी करनी अगाध."

आणि मग तुझी ती छडी. तपासणी सुरू व्हायच्या आधी तू भर व्हरांड्यात उभी राहून सिस्टरसाठी प्रार्थना करायचीस. नाव घेऊन. "बापा, हिच्या हाताला मऊपना दे. वस्तीतल्या लेकीला हात लावताना हिचा हात आखडू नये." सगळे रुग्ण डोळे मिटून आमेन म्हणायचे. सिस्टर तोंड लाल करून उभी. तिनं वरच्या साहेबांकडं तक्रार केली. साहेब म्हणाले, प्रार्थना केल्याबद्दल कोणावर काय कारवाई करू? पण तुझं एक होतं, तू नुसती टोचायची नाहीस. तिचे गुडघे दुखतात हे तुला कळलं, तर तू गुडघ्यांसाठीही मागितलंस, तेवढ्याच मोठ्यानं. तिचा मुलगा बारावीला नापास झाला, त्याच्यासाठीही. हळूहळू तीच तुला बाजूला घेऊन सांगायला लागली, "आजी, हे जरा मनातल्या मनात मागा."

शेवटी दवाखान्यानं तो बाक उचलला. आता दारातच टेबल आहे. जी बाई येईल तिच्या दंडाला आधी पट्टा बांधतात, गाव-वस्ती मागून विचारतात. हे काही एकट्या तुझ्यामुळं झालं नाही, तो डॉक्टरही त्यासाठी भांडला. पण म्हाताऱ्यांनी बाक अडवला नसता तर तो कोणाच्या डोळ्यांवर आला नसता. एवढं मी मान्य करते. तू जिवंत असताना केलं नाही, कारण मग तू ते मंडळीत सांगितलं असतंस.

सिस्टर तुझ्या मातीला आली होती. मागं, पार भिंतीला टेकून उभी. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले तशी तिनं दचकून मान खाली घातली. सवय. नंतर माझ्याकडं येऊन म्हणाली, "आजी चांगल्या होत्या." मी म्हणाले, "व्हय." तू नेहमी म्हणायचीस, तिला माफ कर. मी म्हणायचे, तिनं मागू दे आधी. तू म्हणायचीस, मागितल्यावर काय कोणीही करतं. तर ऐक. मी तिला चहा दिला, साखर घालून दिला, बसायला खुर्ची दिली. माफी दिली नाही. तुझ्या माघारी मी खोटं कशाला बोलू?

आणि हो, तुझी मिश्रीची डबी मी पेटीत ठेवली, तुझ्या उजव्या हाताशी, पदराखाली. पाळकसाहेबांना आवडलं नसतं म्हणून त्यांना सांगितलं नाही. आता हे छापलं की त्यांना कळेल. उकरून तर काढणार नाहीत.

त्यांनीच मला तुझ्याविषयी लिहायला सांगितलं. म्हणाले, चार चांगल्या ओळी लिहा. मी चौथी शिकलेली, मला चार ओळींत मावत नाही. पण एक गोष्ट राहिली आहे. ती तू मंडळीत कधी सांगितली नाहीस, आणि मीही आजवर बोलले नाही.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात पूजाला आत नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल, दोघांचंही सांगता येत नाही. आपण दाराबाहेर फरशीवर बसलो. दुपार होती, पंखा फिरत होता, लोक आपल्यावरून ओलांडून जात होते. आणि तू गप्प. रस्ताभर बोललीस आणि तिथं बसल्यावर तुझ्या तोंडातून शब्द नाही. मला भीती वाटली ती तेव्हा. चप्पल लावताना वाटली नव्हती.

मला रूथ आठवत होती. तुलाही आठवत असणार. तुझी एकुलती एक लेक. तीही त्याच व्हरांड्यात, त्याच टोकाला पहिल्या बाळंतपणाला बसली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पोरही गेलं, तीही गेली. मला कसं बोलायचं ते कळत नाही, म्हणून मी सरळ विचारलं, "अक्का, रूथच्या येळी का न्हाई बसलीस अशी गाडीपुढं?"

तू दाराकडं तोंड केलंस. मग म्हणालीस, "बसा म्हनले, म्हून बसले. मला वाटलं, बसायचंच असतंय. प्रार्थना केली गं. मनातल्या मनात. कुनाला ऐकू आली न्हाई."

एवढंच. त्यावर तू रडली नाहीस, मीही नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, तू लोकांना ऐकवायला ओरडतेस, मिरवायला ओरडतेस. मी तुला भोंगा म्हणायचे.

मी म्हणाले, "मंग आता म्हन की मोठ्यानं."

तू मान हलवलीस. "आवाज न्हाई निगत."

मला तुमची रीत येत नव्हती. पण कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी तिथंच हात जोडले आणि तुझ्याएवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ए अक्काच्या देवा! मला तुझं काय पाठ न्हाई. आत जी पोरगी हाय तिचं नाव पूजा. तिला सोडव. हिच्या रूथच्या येळी तुला ऐकू आलं नसंल, आता मी वरडून सांगती. आनि लक्ष्मीआई, तू रागावू नगं, तूबी ये."

शिपाई धावत आला, "ओ आजी, आवाज बंद! हा दवाखाना आहे!"

तेव्हा तू उठलीस. गुडघ्यावर हात ठेवून उठलीस आणि माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिलीस. म्हणालीस, "तिची प्रार्थना चाललीय. मधी बोलू नाई."

शिपाई थांबला. मी म्हणत राहिले. काय म्हणाले ते सगळं आता आठवत नाही. पूजाला लहानपणी गोवर आला होता तेही सांगितलं असेल. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस. तो तू काढला नाहीस.

मग दार उघडलं आणि नर्स पूजाचं नाव पुकारत बाहेर आली.

पूजा जगली. तिची मुलगी जगली.